होस्टिंगवरची ऑफिसची मेल जुन्या पीसीवर उतरवायची आहे: फेचमेल, गेटमेल की एमबीसिंक?

सावदा_लोडिंग

राम राम मंडळी. सावद्यातल्या एका केळी-ट्रान्सपोर्ट ऑफिससाठी विचारतोय. स्वतःच्या डोमेनच्या चार पेट्या शेअर्ड होस्टिंगवर आहेत, प्रत्येकी २ जीबी. बुकिंगची मुख्य पेटी कंट्रोल पॅनलमध्ये १.९२ जीबी, म्हणजे ९६ टक्के भरलेली दिसते. रोज साधारण ४० मेल येतात, सरासरी ४०० केबीच्या: काटापावत्या, बिल्टीचे फोटो, ई-वे बिलाच्या पीडीएफ.

पाहिजे काय:
– सगळी मेल ऑफिसातल्या जुन्या पीसीवर (४ जीबी रॅम, डेबियन १२) आपोआप उतरावी.
– सर्व्हरवर शेवटच्या ९० दिवसांची राहावी, कारण शेठ फोनवर बघतात.
– त्याहून जुनी सर्व्हरवरून आपोआप जावी.

अडचणी दोन. लाइन मधूनच तुटते आणि वीज दिवसातून दोन-तीनदा जाते. फेचमेल, गेटमेल, एमबीसिंक, ऑफलाइनआयमॅप अशी नावं वाचली. घ्यावं काय आणि चुकतं कुठे?

---

तापीकाठ

आधी एक ठरवा: मेल सर्व्हरवरून *काढून* आणायची आहे की सर्व्हरची *नक्कल* ठेवायची आहे. यादीतल्या अवजारांचे दोन तट याच प्रश्नावर पडतात. फेचमेल, गेटमेल, एमपॉप ही काढून आणणारी. एमबीसिंक आणि ऑफलाइनआयमॅप ही दोन्हीकडे सारखं ठेवणारी.

तुमची अट "अमुक दिवसांनी सर्व्हरवरून जावी" अशी आहे, म्हणून गेटमेल घ्या. डेबियनमध्ये पॅकेजचं नाव गेटमेल६. त्यात डिलीट_आफ्टर हा पर्याय आहे, त्याला दिवसांचा आकडा द्यायचा. फेचमेलच्या सेटिंगमध्ये दिवसांचा हिशोब नाही, तिथे ठेवा किंवा काढा एवढंच.

खालच्या ओळी उच्चाराप्रमाणे लिहिल्यात, गेटमेलच्या सेटिंगच्या (आरसी) फाइलीत रोमनमध्येच टाका:

[रिट्रीव्हर]
टाइप = सिंपलपॉप३एसएसएलरिट्रीव्हर
सर्व्हर = (होस्टिंगचं सर्व्हरनाव)
पोर्ट = ९९५
युजरनेम = (पूर्ण ईमेल पत्ता)
पासवर्ड = …

[डेस्टिनेशन]
टाइप = मेलडिर
पाथ = /होम/ऑफिस/मेल/बुकिंग/

[ऑप्शन्स]
रीड_ऑल = फॉल्स
डिलीट = फॉल्स
मॅक्स_मेसेजेस_पर_सेशन = २००

यात लोक हमखास अडखळतात ते सांगतो. पाथच्या शेवटी तिरकी रेघ लागतेच. ते फोल्डर आणि त्याच्या पोटात न्यू, कर, टीएमपी ही तीन फोल्डरं आधी हाताने बनवावी लागतात, गेटमेल बनवत नाही. रीड_ऑल मुळात ट्रू असतं. डिलीट फॉल्स ठेवून ते बदलायला विसरलात, तर दर फेरीला आधीचीच मेल नव्याने उतरते. फाइलीत पासवर्ड असतो, म्हणून परवानगी ६०० करा (फक्त मालकालाच वाचता-लिहिता येईल अशी).

डिलीट_आफ्टर मुद्दाम लिहिलेलं नाही. ते शेवटी, उतरलेल्या मेलचा आकडा जुळल्यावर.

सर्व्हरच्या नावाचं असं आहे की शेअर्ड होस्टिंगचं प्रमाणपत्र बहुधा होस्टिंगच्या मूळ सर्व्हरच्या नावाचं असतं. "मेल डॉट आपलं डोमेन" टाकलं तर नाव जुळत नाही आणि तपासणी चालू असेल तर जोडणी नाकारली जाते. मग कोणीतरी सल्ला देतो की तपासणीच बंद करा. करू नका. कंट्रोल पॅनलमध्ये सुरक्षित जोडणीसाठी जे नाव दिलेलं असतं तेच टाका.

काहीही उतरवण्याआधी पेटीत डोकावून या. टर्मिनलमध्ये ओपनएसएसएल एस_क्लायंट चालवा, -कनेक्ट पुढे सर्व्हरनाव:९९५, शेवटी -सीआरएलएफ. "+ओके" आलं की युजर, पास आणि स्टॅट या आज्ञा द्या. स्टॅटचं उत्तर दोन आकड्यांचं असतं: किती मेल, एकूण किती बाइट. आज्ञा *लहान* लिपीतच टाईप करा. ओळीच्या सुरुवातीला मोठा क्यू आला की एस_क्लायंट स्वतःच जोडणी तोडतो, तुमचं क्विट सर्व्हरपर्यंत जातच नाही. मोठ्या आरने सुरू होणारी रिटर आज्ञा तो जोडणीची नवी बोलणी समजतो आणि मेल काही येत नाही. पॉपला (सर्व्हरवरून मेल उतरवून घ्यायची ही पद्धत) लहान-मोठं सारखंच.

स्टॅट काय म्हणतो ते इथे टाका.

---

धुळे_टर्मिनल

एवढा खटाटोप कशाला? एमबीसिंक टाका, एक चॅनल लिहा, क्रिएट नियर, एक्सपंज बोथ, झालं. फोल्डरंही सगळी येतात आणि वाचलं-न वाचलंही जुळतं. वेगात गेटमेल त्याच्या जवळपासही नाही.

---

तापीकाठ

वेगाचं मान्य. पण एक्सपंज बोथ या कामाला उपयोगाचं नाही. शेठने फोनवर बिल्टी पुसली की पुढच्या फेरीत ती ऑफिसच्या पीसीवरूनही जाईल. त्याला आरसा म्हणतात, दप्तर नव्हे. पेटी रिकामी करायला म्हणून सर्व्हरवरची जुनी मेल काढाल आणि घरची प्रतही त्याच पावलाने निघून जाईल.

एमबीसिंकच वापरायचं असेल तर सिंकपुढे पुल न्यू लिहा आणि एक्सपंज नन. म्हणजे फक्त नवीन मेल इकडे येते, तिकडचं पुसणं येत नाही. आणि जुन्या लेखांतून सेटिंग उचलताना जपून. १.४ आवृत्तीपासून मास्टर-स्लेव्ह ही नावं जाऊन फार (दूरचं) आणि नियर (जवळचं) ही आली, १.५ मध्ये एसएसएलटाइपचं टीएलएसटाइप झालं.

---

सावदा_लोडिंग

स्टॅट केला. उत्तर: +ओके ३१८४ १२६०३८८३५२

---

भुसावळ_यार्ड

भाऊ, या आकड्यातच तुमचं खरं दुखणं आहे. १२६,०३,८८,३५२ बाइट म्हणजे सुमारे १२०० एमबी. पॅनल म्हणतंय १.९२ जीबी, म्हणजे १९६६ एमबी. मधले ७६० एमबी गेले कुठे?

ते सेंट, ट्रॅश आणि स्पॅममध्ये आहेत. पॉपला फक्त इनबॉक्स दिसतो, बाकी फोल्डरं त्याच्या लेखी नाहीतच. शेठचा फोन आयमॅपने (मेल सर्व्हरवरच ठेवून वाचायची पद्धत) जोडलेला असणार. पाठवलेली प्रत्येक मेल सर्व्हरच्या सेंटमध्ये साठते, पुसलेली ट्रॅशमध्ये. पॉपने कितीही उपसा केला तरी या ७६० एमबीला धक्का लागत नाही. त्यामुळे तापीकाठ, गेटमेल बरोबर, पण इथे पॉप नको.

आता दिवसांचा हिशोब. ४० मेल गुणिले ४०० केबी म्हणजे रोजचे १६ एमबी. ९० दिवसांचा इनबॉक्स १४४० एमबी. वर हे ७६० धरले की २२०० होतात, आणि पेटी आहे २०४८ ची. म्हणजे ९० दिवस बसतच नाहीत. ४५ धरा: इनबॉक्स ७२० एमबी. केळीचा हंगाम जोरात आला आणि मेल दुप्पट झाली तरी १४४०, ट्रॅश रिकामा ठेवला तर निभतं.

अजून एक मेख. गेटमेलचं डिलीट_आफ्टर मेलच्या तारखेपासून मोजत नाही. गेटमेलने ती मेल *पहिल्यांदा पाहिली* त्या दिवसापासून मोजतं. आज सुरू केलंत तर दोन महिने जुनी मेलही ४५ दिवसांनीच पुसली जाईल. तुमच्याकडे उरलेत ८२ एमबी, रोज लागतात १६. पाच दिवसांत पेटी तुडुंब, आणि गिऱ्हाइकाची मेल उलटी जायला लागेल. पहिली सफाई हातानेच करावी लागणार.

---

तापीकाठ

भुसावळचं बरोबर आहे, पॉप मागे घेतो. बदल एवढेच: टाइप सिंपलआयमॅपएसएसएलरिट्रीव्हर, पोर्ट ९९३, आणि रिट्रीव्हरमध्ये एक नवी ओळ:

मेलबॉक्सेस = ("इनबॉक्स", "इनबॉक्स.सेंट")

इनबॉक्स हे नाव मोठ्या लिपीत. मधला टिंब काही सर्व्हरवर असतो, काहींवर तिरकी रेघ असते, काहींवर नुसतं सेंट. थंडरबर्ड या मेल वाचायच्या प्रोग्रॅममध्ये खातं आयमॅपने जोडलं की नेमकं नाव कळतं. एकच फोल्डर लिहायचं असेल तर त्यापुढेही स्वल्पविराम लागतो, नाहीतर ओळ चुकीची ठरते. आयमॅपने आणताना गेटमेल मेल नुसती डोकावून वाचतो, त्यामुळे शेठच्या फोनवर न वाचलेली मेल न वाचलेलीच दिसते. ही खूण बिघडली की ऑफिसात बोंब होते, म्हणून सांगितलं.

आता क्रम.

१. वेबमेलमधून ट्रॅश आणि स्पॅम रिकामे करा, नजर टाकून. पाच दिवसांची मुदत इथेच वाढते.

२. गेटमेल हाताने चालवा. एका फेरीत २०० मेल, म्हणजे ३१८४ ला १६ फेऱ्या, वर सेंटच्या थोड्या. तुकड्या पाडायचं कारण तुमची वीज. मधेच गेली तरी फार तर चालू तुकडी दुबार येईल, सगळी नाही.

३. मेलडिरमध्ये एक मेल म्हणजे एक फाइल. फाइंड या आज्ञेने फाइली मोजा आणि इनबॉक्स व सेंटच्या बेरजेशी ताडा. आकडा कमी असेल तर थांबा. थोडा जास्त असेल तर दुबार आल्यात. मट या टर्मिनलमधल्या मेल प्रोग्रॅममध्ये ~= या खुणेने दुबार मेल निवडून काढता येते.

४. पाच-सहा मेल उघडून जोडलेल्या फाइली उघडतात का ते बघा. मोठ्यात मोठी मेल त्यात हवीच.

५. मग थंडरबर्डमधून सर्व्हरवरची ४५ दिवसांपेक्षा जुनी मेल निवडून पुसा. पुसलेली मेल ट्रॅशमध्ये जाते आणि कोटा तसाच राहतो. ट्रॅश रिकामा करा, फोल्डर कॉम्पॅक्ट करा, मगच पॅनलमधला आकडा उतरतो.

६. आता कुठे डिलीट_आफ्टर = ४५ लिहा.

पुढे क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आज्ञा आपोआप चालवणारी सोय) दर १५ मिनिटांनी, आणि आज्ञेच्या आधी एफलॉक -एन. नाहीतर लाइन संथ असली की पहिली फेरी संपायच्या आत दुसरी सुरू होते आणि दोघी तीच मेल उतरवतात.

कोणती मेल पाहून झाली याची नोंद गेटमेल स्वतःच्या फोल्डरात "ओल्डमेल"ने सुरू होणाऱ्या फाइलीत ठेवतो. ती हरवली की सगळी मेल पुन्हा उतरते आणि ४५ दिवसांचा काटा परत शून्यावर. बॅकअपमध्ये ती फाइलही घ्या. होस्टिंगवाल्याने सर्व्हर बदलला तरी मेलचे क्रमांक बदलून हाच प्रकार होऊ शकतो. तेव्हा घाबरू नका, मेल जात नाही, फक्त दुबार येते.

---

भुसावळ_यार्ड

फेचमेलला मात्र अगदी मोडीत काढू नका. पॉप३ च्या पेटीवर तुटक्या लाइनीसाठी त्यात एक्सपंज म्हणून पर्याय आहे, तो फार कामाचा. पॉप३ चा नियम (आरएफसी १९३९, सन १९९६) असा की पुसण्याची आज्ञा लगेच अमलात येत नाही. क्विट मिळाल्यावरच सर्व्हर खरोखर पुसतो. ३०० मेल उतरवल्या, पुसायला सांगितल्या आणि क्विटच्या आधी वीज गेली, तर सर्व्हरवर ३०० च्या ३०० जागेवर असतात. नोंद ठेवली नसेल तर पुढच्या वेळी सगळ्या परत येतात. एक्सपंज २० दिलं की फेचमेल दर २० मेलला क्विट करून नव्याने जोडतो.

पण फेचमेलचे दोन स्वभाव माहीत असू द्या. "कीप" लिहिलं नाही तर तो उतरवलेली मेल सर्व्हरवरून *पुसतो*, मुळातला नियमच तो. पहिली चाचणी कायम -के लावून, सोबत दोनदा -व्ही. दुसरं, तो फाइलीत लिहीत नाही, मेल त्याच यंत्राच्या पोर्ट २५ वर नेऊन देतो. तिथे पोस्टफिक्स, एक्झिम असा मेल सर्व्हर चालू नसेल तर "लोकलहोस्टशी एसएमटीपी जोडणी झाली नाही" म्हणून थांबतो. मग एमडीए (मेल फोल्डरात टाकणारा प्रोग्रॅम) या पर्यायात प्रोकमेल किंवा मेलड्रॉप द्यावं लागतं. पासवर्डमध्ये # किंवा मोकळी जागा असेल तर अवतरणात घाला, # पुढचं तो टीप समजून सोडून देतो.

आता तुमच्या जुन्या पीसीबद्दल, कारण खान्देशात सॉफ्टवेअरपेक्षा हेच आधी आडवं येतं.

बायॉसमध्ये "वीज परत आल्यावर चालू हो" अशा अर्थाचा पर्याय असतो, तो लावा. नाहीतर दुपारी गेलेला पीसी कोणी बटण दाबेपर्यंत झोपलेला. राउटरही इन्व्हर्टरवर घ्या. नुसता पीसी चालू ठेवून उपयोग नाही.

मदरबोर्डचा गोल सेल (सीआर२०३२) बदला. जुना सेल मेला की वीज गेल्यावर घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं. मग सर्व्हरचं प्रमाणपत्र "अजून लागूच झालेलं नाही" असं दिसतं आणि प्रमाणपत्राची तपासणी चालू असेल तर गेटमेल जोडायला नकार देतो. लोक पासवर्ड बदलत बसतात, आणि दोष असतो त्या छोट्या सेलचा. वेळ इंटरनेटवरून जुळवणारी सेवा चालू ठेवाच. घड्याळ मागे गेलं तर निदान काम अडतं. पुढे गेलं तर डिलीट_आफ्टर मुदतीआधीच पुसायला लागेल.

तिसरं, पासवर्ड बदलला की क्रॉन आधी थांबवा. चुकीच्या पासवर्डने दर १५ मिनिटांनी दार ठोठावलं की होस्टिंगची भिंत (फायरवॉल) तुमचा आयपीच बंद करते. आणि आयपी ऑफिसचा, म्हणजे वायफायवरच्या सगळ्या फोनांची मेल एकदम बंद.

---

धुळे_टर्मिनल

एक्सपंज बोथचं कबूल, घाईत लिहिलं. भरपाई म्हणून दोन गोष्टी.

बॅकअपला मेलडिर थेट पेनड्राइव्हवर ओढू नका. वाचलेल्या मेलच्या फाइलनावात विसर्गासारखी कोलन खूण असते (:२,एस अशी) आणि फॅट किंवा एक्सफॅटला ती चालत नाही. फाइली गाळल्या जातात किंवा कॉपी मधेच थांबते. टारने एक गठ्ठा करा आणि तो गठ्ठा न्या. हजारो बारक्या फाइलींपेक्षा कॉपीही लवकर होते.

आणि ऑफिसातल्या बाकी टेबलांवरून ही मेल वाचायची असेल तर त्याच पीसीवर डव्हकॉट हा मेल सर्व्हर टाका. थंडरबर्डला त्या पीसीचा ऑफिसच्या नेटवर्कमधला आयपी द्यायचा, बस्स. डेबियन १२ वर मेल_लोकेशनमध्ये मेलडिरचा पत्ता लिहिला की चालतं. १३ वर गेलात तर डव्हकॉट २.४ येतं, त्यात ती ओळच चालत नाही, मेल_ड्रायव्हर आणि मेल_पाथ असं वेगळं लिहावं लागतं. अपग्रेडच्या आदल्या दिवशी जुनी सेटिंग बाजूला ठेवा.

---

अमळनेर_कापूस

याच धाग्यात विचारतो. आमच्याकडे लिनक्स नाही, विंडोजच आहे. आणि एक पत्ता जीमेलचा, एक आउटलुकचा. जीमेलमध्ये दुसऱ्या खात्याची मेल पॉपने आणायची सोय होती, गूगल ती गुंडाळतंय म्हणे. मग थंडरबर्डनेच भागेल का?

---

तापीकाठ

एका माणसाच्या टेबलासाठी भागतं. थंडरबर्डमध्ये खातं पॉपने जोडा, सर्व्हर सेटिंगमध्ये "मेल सर्व्हरवर ठेवा" आणि त्याखाली "जास्तीत जास्त अमुक दिवस" वर खूण करा. मुळात आकडा १४ असतो, तो बदला. शेजारीच "मी पुसेपर्यंत" अशी खूण असते. ती राहिली तर थंडरबर्डमध्ये पुसलेली मेल सर्व्हरवरूनही जाते, हवी की नको ते ठरवा. थंडरबर्ड उघडा असेल तेवढाच वेळ हे चालतं.

पॉप खातं दोन पीसींवर जोडू नका. पॉपमध्ये एका वेळी एकालाच पेटीचं कुलूप मिळतं, दुसऱ्याला "पेटी वापरात आहे" असं उत्तर येतं. शिवाय ज्याने आधी पुसलं त्याच्याकडेच मेल राहते.

जीमेलला नेहमीचा पासवर्ड कुठल्याही जुन्या पद्धतीच्या अवजारात चालत नाही. थंडरबर्ड ब्राउझरची खिडकी उघडून परवानगी घेतो, ते सोपं. गेटमेल-फेचमेलसाठी द्विस्तरीय पडताळणी चालू करून १६ अक्षरी अ‍ॅप पासवर्ड काढा. आयमॅपने सगळी फोल्डरं उतरवू नका. जीमेलमध्ये लेबल म्हणजे फोल्डर, त्यामुळे तीच मेल लेबलात एकदा आणि ऑल मेलमध्ये पुन्हा येते. दिवसाला आयमॅपने २५०० एमबी आणि पॉपने १२५० एमबी एवढीच उतरवायची मुभा आहे. १५ जीबीचं भरलेलं खातं एका रात्रीत उतरत नाही, जबरदस्ती केली तर खातं काही काळ अडवलं जातं.

आउटलुकच्या वैयक्तिक खात्यांना सप्टेंबर २०२४ पासून साधा पासवर्ड चालत नाही, फक्त ओऑथ (ब्राउझरमधून परवानगी द्यायची पद्धत). थंडरबर्डला ते जमतं, पडताळणीच्या रकान्यात ओऑथ२ निवडलंय ना एवढं बघा.

---

सावदा_लोडिंग

ट्रॅश आणि स्पॅम रिकामे केले, पॅनल १.९२ वरून १.५१ वर आलं. सेंटचं नाव आमच्याकडे इनबॉक्स.सेंट असंच आहे. पहिल्या तीन फेऱ्या झाल्या, न्यू फोल्डरात ६०० फाइली. एक शंका: बाकी तीन पेट्यांसाठी एकाच फाइलीत तीनदा रिट्रीव्हर लिहायचं का?

---

तापीकाठ

नाही. पेटीमागे एक आरसी फाइल, तिचं स्वतःचं मेलडिर. चालवताना --आरसीफाइल चारदा द्या, एकाच आज्ञेत चारही पेट्या एकामागून एक होतात. नवीन तीन फाइलींतही डिलीट_आफ्टर आत्ता नको, आकडा जुळल्यावरच.